मधल्या मजल्याच्या खिडक्या

फॉल रिव्हर
२६ फेब्रुवारी २०२३

ग्रासा,

'प्रिय' लिहायचं की नाही यात दोन दिवस गेले, शेवटी नुसतं नाव लिहिलं. तेहतीस वर्षांनी नणंदेचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. तुझा नवरा दर नाताळात कॅलिफोर्नियाहून मला फोन करतो, बर्फ किती पडला ते विचारतो, आणि मागून तुझ्या भांड्यांचा आवाज येतो. त्यावरून मी ओळखते की तू ठणठणीत आहेस. यंदा तर तू पातेलं असं आपटलंस की हर्मिनियूला दोनदा विचारावं लागलं, "काय म्हणालीस, ताई?"

मी बरी आहे, खरोखर बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण एकाहत्तराव्या वर्षी ते कुरकुरणारच. घर अजून उभं आहे. तळमजल्यावर मी. सगळ्यात वर म्हातारे आरुदा, त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांची कशाबद्दल तक्रारही नाही. मधल्या मजल्यावर, म्हणजे तुमच्या मजल्यावर, केप व्हर्डची एक मुलगी भाड्याने राहते. झुलैका तिचं नाव. वृद्धाश्रमात कामाला जाते. नवरा मासेमारीच्या बोटीवर असतो, महिन्यातले पंधरा दिवस घरी नाही. दीड वर्षाची पोर आहे, नीव्या. ही पोर जिना चढताना प्रत्येक पायरीला काहीतरी सांगत जाते, आणि पायऱ्या ऐकून घेतात.

पत्राचं कारण असं की यंदा मुकुट माझ्याकडे येतोय. गेल्या जूनमध्ये चिठ्ठ्या काढल्या, पाचवी चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. झुलैकाला हा प्रकार माहीत नव्हता, तिला समजावून सांगितलं: पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट, ईस्टरनंतर सात आठवडे सात घरी राहतो, रोज संध्याकाळी शेजारीपाजारी प्रार्थनेला येतात, आणि आठवडा संपला की त्या घरचं माणूस ज्याचं नाव सांगेल त्याच्या डोक्यावर पाद्री तो ठेवतात. मग सगळ्यांना सूप.

"आणि घराला काय करायचं असतं?" तिने विचारलं.

"रंग," मी म्हटलं. "मुकुट जुन्या रंगाच्या घरात येत नाही." तुला माहीतच आहे, असा काही नियम चर्चने केलेला नाही. पण आपल्या आझोर बेटांवरच्या बायकांसमोर तसं म्हणून बघ.

मागे एकदाच आला होता, एकोणनव्वद साली. तुम्ही होतात तेव्हा. हर्मिनियूने दोन आठवडे सगळ्या खिडक्या, व्हरांडा, जिना पॉलिश पेपरने घासून, रंगवून पांढरंशुभ्र केलं होतं. लोक थांबून बघायचे. त्या वर्षाबद्दल बाकी काही लिहायचं नाही.

तुमचं सगळं बरं असेल. तुझा नेल्सन दुधाचा टँकर चालवतो असं हर्मिनियू सांगतो. छान.

देओलिंदा

*

१९ मार्च २०२३

ग्रासा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण लिहायला बसलं की मला बरं वाटतं, आणि तिकिटाला काही तू पैसे देत नाहीस.

मंगळवारी मी जिन्यातली खिडकी खरवडायला घेतली होती. स्टूल, लोखंडी पट्टी, डोक्याला फडकं. जुना रंग केळीच्या सालीसारखा निघत होता, खाली पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली माझ्या सासऱ्यांच्या काळचा तपकिरी. मी अगदी मजेत होते. तेवढ्यात झुलैका कामावरून आली, कोट न काढताच समोर उभी राहिली. हातात दवाखान्याचा कागद.

"दोना देओलिंदा, हे वाचा."

नीव्याच्या रक्तात शिसं निघालंय, जुन्या रंगातलं. अकरा. इथल्या राज्याचा नियम आहे की लहान मुलांचं रक्त तपासायचंच, आणि आकडा दहाच्या वर गेला की निरीक्षक घरी येतोच, कोणी बोलावलं नाही तरी.

"म्हणजे आजारी आहे का ती?" मी विचारलं.

"दिसत नाही. डॉक्टर म्हणाली दिसणारच नाही. पुढे शाळेत गेली की दिसतं." मग माझ्या हातातल्या पट्टीकडे आणि पायरीवर पडलेल्या भुग्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही आता हे थांबवा, प्लीज."

मी थांबवलं. भुगा ओल्या फडक्याने पुसून घेतला, झाडू लावला नाही. झाडूने उडतो. हे मला कसं माहीत, ते विचारू नकोस.

आज चर्चबाहेर बेतेंकूर भेटला, ज्याची नदीकाठी चार घरं आहेत तो. त्याला सांगितलं तर त्याने मला बाजूला घेतलं. "देओलिंदा, कायदा सहा वर्षांखालच्या मुलाला आहे, घराला नाही. मूल नाही तर कायदा नाही. त्या मुलीला सांग, माझी बहीण आझोरहून येतेय, मजला रिकामा कर."

"असं मूल आहे म्हणून काढता येत नाही भाडेकरूला," मी म्हटलं. "तोही कायदा आहे."

"म्हणूनच तर बहीण आणायची."

"मला बहीण नाही, बेतेंकूर."

"कागदावर असते गं," तो म्हणाला आणि हसला. घरी येईपर्यंत माझा चेहरा तापला होता. तो खोटं बोलायला शिकवत होता आणि मी मनात म्हणत होते, बाबा, मला काय शिकवतोस.

माझ्या मजल्याचं काही नाही. माझ्या खिडक्या मी नव्वद साली बदलल्या होत्या. थंडीसाठी.

देओलिंदा

*

८ एप्रिल, ईस्टरच्या आदला दिवस

ग्रासा,

आज गोड पाव भाजायचा दिवस. पीठ फुगायला ठेवलंय, म्हणजे दोन तास मोकळे आहेत आणि उठून पळायला कारण नाही. म्हणून आज लिहिते.

निरीक्षक बाई येऊन गेल्या. थेरिओ नाव. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील, गळ्यात चष्मा, आवाज शाळामास्तरणीचा. हातात पिस्तुलासारखं यंत्र. ते लाकडाला टेकवलं की किती शिसं आहे ते आकड्यात दिसतं, रंगाचे सात थर असले तरी आतलं दिसतं. भिंती ठीक निघाल्या. मधल्या मजल्याच्या खिडक्या मात्र सगळ्याच्या सगळ्या वाईट. त्यांनी एक खिडकी माझ्यासमोर वर-खाली सरकवली. चौकटीला चौकट घासली, आणि खालच्या खोबणीत पीठ पडलं. चाळलेल्या मैद्यासारखं. "मूल खिडकीशी उभं राहून रस्ता बघतं, हात खोबणीत ठेवतं, मग तोंडात घालतं," त्या म्हणाल्या. "एवढंच लागतं."

मी विचारलं, "मी जिन्यात खरवडलं, त्याने झालं का?"

"त्याने भर पडली असेल. नाही असं मी म्हणणार नाही."

मग खाली माझ्या टेबलाशी बसून त्यांनी फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न: या घरात सहा वर्षांखालचं मूल राहतं का?

ग्रासा, मी त्या फॉर्मकडेच बघत राहिले. बाईंना वाटलं मला इंग्रजी कळलं नाही, त्यांनी हळू, मोठ्याने पुन्हा विचारलं. मला पहिल्यांदाच कळलं होतं. मला तो प्रश्न चौतीस वर्षांपासून पाठ आहे.

आता सांगते. एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये याच दारात एक तरुण निरीक्षक उभा होता. त्याच्याकडे नेल्सनच्या रक्ततपासणीचा कागद होता. त्याने हाच प्रश्न विचारला. मी त्याला म्हटलं, "इथे लहान मूल नाही. ते कुटुंब गेलं." आणि फडक्यात बांधून त्याला गोड पाव दिला. त्याने काहीतरी लिहिलं, आभार मानले आणि गेला.

तू रोज विचारायचीस, "निरीक्षक का येत नाही?" मी म्हणायचे, "सरकारी माणसं, येतील तेव्हा येतील." आणि नेल्सनला बोलायला उशीर होतोय म्हणून तू रडलीस तेव्हा मी म्हटलं, पोर तुझ्या माहेरावर गेलंय. हे मी म्हटलं. स्वयंपाकघरात, बटाटे सोलत.

का, ते सांगते, पण त्याने काही कमी होत नाही. माझा नवरा अमेरिकू वारून वर्ष झालं होतं. त्याच्या मागे माझ्याकडे हे एकच घर होतं, आणि कायदा सांगत होता की ते घर विषारी आहे. आणि नुकताच मुकुट येऊन गेला होता. सगळी वस्ती म्हणाली होती, काय घर सजवलंय. त्या सजवण्यानेच पोराला बाधलं, हे मला ऐकायचं नव्हतं. नेल्सन तेव्हा नीव्याएवढाच होता. बाप वर खिडकी घासायचा आणि तो खाली उभा राहून खोबणीतल्या पांढऱ्या भुकटीत बोटाने रेघा ओढायचा. मी बघायचे आणि म्हणायचे, बघा, चित्रकार होणार.

तुम्ही कॅलिफोर्नियाला गेलात. मी सगळ्यांना सांगितलं, भावजयीने माझा भाऊ तोडला. पुढच्या वर्षी मी माझ्या मजल्याच्या खिडक्या बदलल्या. थंडी नव्हती. मधल्या मजल्याच्या बदलल्या नाहीत, कारण त्या बदलल्या असत्या तर तू खरी ठरली असतीस.

थेरिओ बाईंना मी म्हटलं, "हो. एक मूल आहे. आणि याआधी एक होतं, त्याचंही लिहा."

"त्याला फॉर्ममध्ये जागा नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून समासात लिहिलं. नाव विचारलं, मी सांगितलं.

पीठ भांड्याबाहेर आलंय. जाते.

देओलिंदा

*

३ मे २०२३

प्रिय ग्रासा,

तुझं पत्र काल आलं. आधी माझं घर कसं चाललंय ते ऐक, मग त्याबद्दल बोलते. थेट बोलायला गेले तर रडेन, आणि नीव्या माझ्या मांडीवर आहे.

हो, मांडीवर. वर काम चालू असताना मुलाला तिथे राहता येत नाही, म्हणून थेरिओ बाईंनी माझा मजला तपासला, तो स्वच्छ निघाला, आणि झुलैका पोरीला घेऊन माझ्याकडे राहायला आली. बारा दिवस झाले. झुलैका सकाळी कामावर जाते, मी आणि नीव्या कोबी चिरतो. म्हणजे मी चिरते, ती मोजते: एक, एक, एक. म्हातारे आरुदा परवा खाली येऊन म्हणाले, "घरात मूल आहे का?" मी कानाशी ओरडले, "आहे." त्यांनी खिशातून एक बिस्किट काढलं, दोन महिने खिशात असावं, आणि तिला दिलं. मी ते हळूच बदललं.

वर परवानाधारक माणसं आहेत, पांढरे झगे, तोंडाला मुखवटे. दारांना प्लास्टिक, आत लाकूड ओलं करून काढतात, रोज संध्याकाळी ओलं पुसतात. जुन्या खिडक्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून खाली आणल्या, प्रेतासारख्या. मी व्हरांड्यात उभी राहून सगळ्या मोजल्या. नऊ. पोरीचा आकडा आता सातवर आलाय. डॉक्टर म्हणाली, उतरतोय.

व्हरांड्याचं काम मात्र मुकुट येतो त्या चौदा तारखेच्या आत होत नाही. लाकूड उघडंबोडकं राहणार. बेतेंकूरची बायको बघून गेली. "अगं, या अवस्थेत मुकुट आणणार?" मी म्हटलं, "त्याला चालेल, तुला चालत नसेल तर सूप घरी पाठवते." ती येणार आहे. सूप कोण सोडतं.

आता तुझं पत्र.

तू लिहिलंस, "मी जिन्यावर उभी होते. नेल्सन माझ्या कडेवर होता. सगळं ऐकलं." ते वाक्य मी उभ्याने वाचलं आणि मग बसले. चौतीस वर्षं मी समजत होते की हे मला आणि त्या निरीक्षकालाच माहीत आहे. तू पुढे लिहिलंस, "ओरडले नाही, कारण हर्मिनियूचं काम गेलं होतं आणि छप्पर तुझं होतं. तू मालकीण होतीस, देओलिंदा. मला वाटलं, बोलले तर रस्त्यावर येऊ. म्हणून रोज नुसतं विचारत राहिले, तू आपणहून खरं सांगशील म्हणून." आणि मला बसलेलीलाही बसवेना असं पुढचं: "हर्मिनियूला सांगितलं की इथली थंडी सोसत नाही. खरं सांगितलं असतं तर त्याची बहीण गेली असती. त्याला एकच आहे."

मी वस्तीभर सांगत फिरले की तू माझा भाऊ तोडलास. आणि तू भांडी आपटत बसलीस, पण फोन कधी तोडला नाहीस.

माफी मागते. साध्या शब्दांत मागते, सजवत नाही. सजवून काय होतं ते आपण बघितलं.

नेल्सनबद्दल तू लिहिलंस की लांबलचक पत्र अजूनही त्याला जड जातं, म्हणून तू वाचून दाखवलंस. बेतेंकूरच्या बहिणीपाशी तो हसला. पावाच्या पत्रावर उठून तुमच्या गाईंकडे गेला आणि थेट जेवायला परत आला. आणि मग म्हणाला, "आत्याला सांग, माझ्यासाठी सूप ठेव."

ठेवते. त्याच्याएवढं पातेलं काढते. तुम्ही तिघं या. विमानतळावर झुलैकाचा नवरा येईल, त्याची बोट तेव्हा धक्क्याला असेल.

मुकुट कोणाच्या डोक्यावर, ते मी पाद्रींना आधीच सांगितलंय.

देओलिंदा

*

२५ मे २०२३

प्रिय ग्रासा,

तुझा चष्मा माझ्याकडे राहिला. ब्रेडच्या डब्यात होता. ब्रेडच्या डब्यात चष्मा ठेवणारी बाई मला इथे राहून शहाणपण शिकवत होती, हे मी सगळ्यांना सांगणार आहे.

घर शांत वाटतंय. झुलैका परत वर गेली, आणि आता वरून पावलं ऐकू येतात, टप टप टप, थांब, टप. माझ्याकडे रविवारपर्यंत चौदा माणसं जेवत होती. आता मी एकटी उरलेलं सूप खातेय, चौथा दिवस, आणि चव रोज वाढतेय.

फोटो पाठवते. नेल्सनच्या डोक्यावर मुकुट मुळीच बसत नव्हता. लहान मुलांच्या मापाचा तो, आणि त्याचं डोकं आमच्या वडिलांसारखं मोठं. पाद्री सगळा वेळ दोन बोटांनी धरून उभे होते. हर्मिनियू रडत होता, आणि तू त्याला कोपराने ढोसत होतीस. फोटोत ते कोपरसुद्धा आलंय. मागे उघडं लाकूड दिसतंय ना, तो व्हरांडा. कोणी एक शब्द बोललं नाही. बेतेंकूरच्या बायकोने तीन वाट्या सूप घेतलं.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू खाली पावाच्या तुकड्यांवर सूप ओतत होतीस, तेव्हा झुलैकाने नेल्सनला वर नेलं, तो जन्मला ती खोली बघायला. मला हाक मारली म्हणून मीही चढले, गुडघ्यांशी भांडत. नवी खिडकी उघडी होती. नीव्या तिथे उभी राहून रस्ता बघत होती, हात खोबणीत. मी तिचा हात ओढायला पुढे झाले, सवय.

नेल्सन तिच्याशेजारी खाली बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे कानाशी. त्याने एक बोट खोबणीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग बोट उलटून बघितलं. नीव्यानेही आपलं बोट फिरवलं, उलटून बघितलं. दोघांचीही स्वच्छ होती.

"आत्या," तो म्हणाला, "तो माणूस आला होता तेव्हा तू काय म्हणालीस त्याला?"

त्याला माहीत होतं. तू वाचून दाखवलं होतंस. त्याला माझ्या तोंडून हवं होतं.

"मी म्हणाले, या घरात मूल नाही," मी म्हटलं. "खोटं बोलले. मूल होतं. तू होतास."

तो उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड आहे त्याचा, टँकर चालवणाऱ्याचा.

"होतो," तो म्हणाला. "चल खाली, आत्या. सूप थंड होतंय."

मी त्याचा हात धरून उतरले. तू वाढताना माझ्याकडे बघून विचारलंस, "डोळे का लाल?" आणि मी म्हटलं, कांदा. तर तो कांदा नव्हता, ग्रासा. आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, अगदी कांद्याबद्दलसुद्धा.

चष्मा वेगळ्या पाकिटात, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पाठवते. मोजे नेल्सनला दे.

तुझी नणंद,
देओलिंदा